शुक्रवारचा वाडगा

डब्लिन
शुक्रवार, ११ जानेवारी १९६३

कार्मेल,

तुझं पत्र मिळालं. शेजारच्या मिस वेल्डननी वाडगा धुऊन परत दिला, त्यात फडक्याच्या घडीत ठेवलं होतं. फडकं ओलं होतं त्यामुळे एका कोपऱ्यात शाई पसरलीय. तिथे तू डेरेकबद्दल काहीतरी लिहिलंयस. त्याला खोकला आहे एवढंच लागलं. की 'होता' लिहिलंयस?

मी बरी आहे. दा बरे आहेत. थंडी अशी पडलीय की अंगणातल्या नळावर आधी किटलीभर उकळतं पाणी ओतावं लागतं, मग तो थेंब थेंब देतो. गोदीत दोरखंड काठीसारखे ताठ होतात म्हणे. मला नाही सांगितलं दांनी, मिसेस कीओंना दारात सांगत होते ते मी ऐकलं.

तू विचारलंयस दा तुझं नाव काढतात का. नाही काढत. पण वाईटही काही बोलत नाहीत. सुरुवातीला एकदा म्हणाले होते की सरकारी कचेरीत सही करून माझी मुलगी कुणाची बायको होत नाही, आणि तेही प्रॉटेस्टंटाची. तेव्हापासून तो विषयच नाही. मी एकदा धीर करून म्हटलं, मिस वेल्डन पण प्रॉटेस्टंटच की. तर म्हणाले, "ती जन्मापासून आहे, तिचा बिचारीचा काय दोष." तू घरच्या पत्त्यावर मात्र पाठवू नकोस हं. नाताळचं तुझं कार्ड त्यांनी न उघडता शेगडीत टाकलं. हे मी तुला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

कॉडल अजून जमत नाही. सगळं एकाच पातेल्यात शिजवायचं तर बटाटे एक तर विरघळून जातात नाहीतर मधे कच्चे राहतात. बेकन खारट लागतं. सॉसेज वर तरंगत राहतात पांढरेफटक, आंघोळीत बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे. आपल्याकडे सगळ्यांचेच तसे असतात म्हणा, पण मॅमीच्या कॉडलकडे बघून असं कधी वाटलं नाही, तुझ्याही. दा सगळं खातात. खाऊन झालं की म्हणतात, "गरम होतं." दर गुरुवारी तेच. मला एकदा तरी दुसरं काहीतरी ऐकायचंय.

उरलेलं अजूनही शेजारीच जातं. शुक्रवारी आपल्याला मांस चालत नाही आणि दांना अन्न टाकलेलं चालत नाही. मॅमी गेली, तू गेलीस, पण वाडगा चालू आहे. आज सकाळी दा त्याच्यावर पावाचा तुकडा ठेवत म्हणाले, "प्रॉटेस्टंट असण्याचा हा एवढा एकच फायदा." मी तसंच्या तसं जाऊन सांगितलं. मिस वेल्डन हसल्या, म्हणाल्या, "तुझ्या वडलांना सांग, पोपच्या नियमांबद्दल माझी कधीच काही तक्रार नव्हती." त्यांच्याशी मला बोलता येतं. का ते माहीत नाही. त्या उत्तराची वाट बघत नाहीत म्हणून असेल.

तू लिहिलंयस सॉसेज आधी तव्यावर परतून घे, मग पातेल्यात टाक, रंग येतो आणि रस्सा दाट होतो. तुझ्या घरमालकिणीने शिकवलं आणि डेरेकला तसेच आवडतात. येत्या गुरुवारी करून बघते. दुकानात मी अजून बोटानेच दाखवते. तो दुकानवाला म्हणतो, "आज आवाज ऐकव पोरी, एक सॉसेज जास्त देतो." मला काही तो जास्तीचा मिळालेला नाही.

शाळेचं विचारलंस. कंटाळा आला म्हणून सोडली. बाई उभं करून मोठ्याने वाचायला लावायच्या, माझं काय व्हायचं तुला माहितीय. घरी बरं आहे.

टेसी


शुक्रवार, १८ जानेवारी

कार्मेल,

सॉसेज परतले. काय सुरेख रंग आला म्हणून सांगू! घरभर वास सुटला, मिसेस कीओंचा कुत्रा दारात येऊन बसला.

दा आले, हात धुतले, झाकण उचललं.

"हे काय?"

"कॉडल."

"ते दिसतंय. सॉसेजना काय झालं? समुद्रावर उन्हात झोपले होते का?"

मी हसले. ते पण हसले असते बहुतेक. बसले, एक खाल्ला. हळू खाल्ला. मग दुसरा घेतला, मी न वाढता. कार्मेल, त्यांनी पावाने ताट पुसलं. मला वाटलं आता म्हणतील. पण त्यांनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?"

मग त्यांचा कसा कोण जाणे समज झाला की मिस वेल्डननी शिकवलं. उठले ते तसेच शेजारी गेले. भिंतीतून ऐकू येत होतं. "माझ्या पातेल्यात नाक घालायचं नाही," असं म्हणाले. "माझ्या घरातल्या पोरींना काय शिकवायचं ते मी बघेन." मिस वेल्डन काय म्हणाल्या ते नाही ऐकू आलं. त्यांचा आवाज बारीकच आहे.

परत येऊन म्हणाले, "वाडगा बंद." उरलेलं कीओंच्या कुत्र्याला घातलं.

विशेष काही नाही. दोन दिवसांत निवळेल. तू थोडे दिवस पत्र पाठवू नकोस मात्र, कारण वाडगा नाही तर ते माझ्याकडे यायचं कसं. निवळलं की मी कळवते.

चव खरंच छान होती.

टेसी


रविवार, ३ फेब्रुवारी

कार्मेल,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि लगेच हात आत घालून काढावंसं वाटलं. पेटीचं तोंड बारीक आहे, मनगट अडकतं. करून बघितलं.

मी लिहिलं होतं की दांचा कसा कोण जाणे समज झाला. समज झाला नव्हता. मी सांगितलं.

त्यांनी विचारलं कुणी शिकवलं, तेव्हा तुझं नाव अगदी ओठांवर होतं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला ते कार्ड दिसलं, शेगडीत, आधी कडा काळ्या होतात ना तसं. आणि तोंडातून निघालं, "मिस वेल्डननी." इतकं सहज निघालं गं. मला दुकानात पौंडभर सॉसेज मागता येत नाहीत, आणि हे असं पटकन, जसं काही आधीच तयार होतं.

मग दा उठले. त्यांनी दाराला हात घालेपर्यंत वेळ होता. मी "दा" एवढं म्हणू शकले असते. मी काय केलं, तर ताटं उचलली.

त्याच शनिवारी पापकबुलीला गेले. तिथे अंधार असतो, फादरना तोंड दिसत नाही, म्हणून मला ते नेहमी बरं वाटतं. म्हटलं, फादर, मी खोटं बोलले. कशाबद्दल? सॉसेजबद्दल, फादर. जाळीच्या पलीकडे ते जरासे खोकले. मला कळलं ते हसतायत. तीन प्रार्थना सांगितल्या. मी त्या दारापर्यंत येईतो म्हणून संपवल्या, आणि बाहेर आले तेव्हा आत गेले होते तशीच होते. एवढ्यात सुटण्यासारखं नव्हतं ते. पण पूर्ण सांगितलंच नाही ना मी. सॉसेजबद्दल म्हटलं. मिस वेल्डनबद्दल म्हटलं नाही.

आणि काल नळावर त्या भेटल्या. किटली दोन्ही हातांनी धरली होती. जड होत असेल. मला बघून म्हणाल्या,

"काय गं, सॉसेज कसे आहेत? अजून रंग लावतेस का?"

मी मान खाली घातली.

"तुझ्या वडलांना सांगितलं मी, माझ्या आईची पद्धत म्हणून. आमच्या चर्चमध्ये सगळे असेच करतात म्हटलं. बरोबर केलं ना?"

म्हणजे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं, दारात दा ओरडत असतानाच. आणि त्यांनी सरळ स्वतःवर घेतलं. मग म्हणाल्या, "आत ये बाळ. तुझ्यासाठी काहीतरी आलंय."

तुझं पत्र असणार. तू थांबलीच नाहीस ना पाठवायची. मला माहीतच होतं.

मी म्हटलं, "दा वाट बघतायत."

दा गोदीत होते. भोंगासुद्धा झाला नव्हता. मिस वेल्डननी माझ्याकडे बघितलं नि म्हणाल्या, "मग जा हो, वाट बघायला लावू नये." आणि किटली उचलून हळूहळू गेल्या, अंगणातल्या बर्फावरून, भिंतीला धरून. किटली मी न्यायला हवी होती.

दोन गुरुवार झाले. मी कॉडल पूर्वीसारखंच करते, पांढरं. दा उरलेलं कुत्र्याला घालतात. तो कुत्रा आता गुरुवारी आधीपासूनच येऊन बसतो. शुक्रवारी सकाळी वाडगा फळीवर पालथा असतो आणि मी त्याच्याकडे बघत नाही.

खोटं काढायलाच बसलेय तर अजून एक. शाळा मी कंटाळून सोडली नाही. तू गेलीस त्या सोमवारी सकाळी दांनी मॅमीचा एप्रन माझ्या खुर्चीवर आणून ठेवला. काही बोलले नाहीत. मी पण बोलले नाही. दप्तर खुंटीवरच राहिलं. मी तुला दोष देत नाही.

थोडा देते.

टेसी


शनिवार, ९ फेब्रुवारी

कार्मेल,

मिस वेल्डन पडल्या.

काल संध्याकाळी. मी बटाटे सोलत होते, शुक्रवार म्हणून नुसते बटाटे आणि अंडी, आणि बाहेर मिसेस कीओंची किंचाळी ऐकू आली. दारात गेले तर कोपऱ्यावर मिस वेल्डन बर्फावर पडलेल्या, टोपी एकीकडे, टोपली एकीकडे. आणि सगळीकडे सॉसेज. कागद फाटला होता नि ते रस्त्यावर घरंगळले होते.

दा तेवढ्यात गोदीवरून येत होते. ते धावले. मी दारातच उभी, हातात सुरी, बटाटा. पाय हललाच नाही.

दा त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसले. "हलू नका, बाई. अजिबात हलायचं नाही. या असल्या बर्फात बाहेर कशाला पडलात?"

उत्तर दिलं मिसेस कीओंनी. तुला माहितीय त्यांना गप्प बसवत नाही.

"कशाला म्हणजे काय? दर शुक्रवारी तुमच्याकडून यायचं ना तिला. बंद केलंत. किती दिवस पाव नि चहावर काढायचे माणसाने? निघाली असेल आणायला."

"मी कुठे म्हटलं तसं," मिस वेल्डन खालून म्हणाल्या. "मला जरा हवा हवी होती." दातावर दात आपटत होते, पण म्हणाल्या.

दांनी कोट काढून त्यांच्यावर घातला, आणि रुग्णालयाची गाडी येईपर्यंत काय केलं माहितीय? एकेक सॉसेज उचलला. बर्फ पुसला, कागदात ठेवला. कार्मेल, शुक्रवारी. प्रार्थनेला निघालेल्या सगळ्या बायका थांबून बघतायत आणि दा भर रस्त्यात मांस गोळा करतायत, शर्टावर, त्या थंडीत. कोणी हसलं नाही.

खुब्याचं हाड मोडलंय. या वयात ते जुळत नाही म्हणे.

ते सॉसेज दांनी आपल्या खिडकीबाहेर, कठड्यावर ठेवलेत. बाहेर सगळं गोठलेलंच आहे, राहतील. का ठेवलेत ते सांगितलं नाही. रात्री जेवताना बशीकडे बघत बसले आणि एकदम म्हणाले, "नळाचं पाणी तरी कोण आणून देत होतं तिला?"

कोणी नाही. मी म्हटलं, "माहीत नाही."

मला आता फादर नकोत आणि जाळी नको. मला दांना सांगायचंय. चार वेळा तोंड उघडलं. पहिल्यांदा ते बूट काढत होते, मग घड्याळाला किल्ली देत होते, मग खोकला आला, मग झोपायला गेले. सांगितलं तर तुझी पत्रं बंद होतील, आणि दा माझ्याशी तुझ्याशी वागले तसं वागतील, मग मी कुठे जाऊ? माझ्याकडे तर डेरेकही नाही. हे असलं सगळं डोक्यात येतं, आणि त्याच वेळी ती बाई तिकडे पलंगावर पडलीय आणि अजूनही कोणाला सांगत नाहीये.

तू असतीस तर दारातून धावली असतीस ना? मला माहितीय धावली असतीस. तुला जाता आलं म्हणजे तुझे पाय हलतात.

टेसी


शुक्रवार, १५ फेब्रुवारी

कार्मेल,

नीट क्रमाने लिहिते, नाहीतर काहीतरी राहील.

काल गुरुवार. जहाज आलं नाही म्हणून दा दुपारीच घरी. मी कांदे चिरले, बटाटे केले, बेकनचे तुकडे खाली टाकले. सॉसेज आणायला दुकानात गेलेच नाही. खिडकी उघडली आणि कठड्यावरचा तो कागद आत घेतला. दा शेगडीजवळ पेपर धरून बसले होते. वाचत नव्हते, पान उलटत नव्हतं.

मी तवा ठेवला. मिस वेल्डनचे सॉसेज त्यात टाकले. गोठलेले होते, काय तडतडले! त्यांच्याकडे पाठ करून मी म्हटलं, "हे मला कार्मेलने शिकवलं."

आणि तवा इतका चरचरत होता की त्यांना ऐकूच गेलं नाही.

"काय?"

आयुष्यात एकदा बोलले आणि ते पण परत बोलायची वेळ. मी वळले. "कार्मेलने शिकवलं," म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "पत्रात लिहून. मिस वेल्डननी नाही. पत्रं त्यांच्याकडे येतात, माझ्यासाठी. त्यांनी काहीच केलं नाही. मी त्यांचं नाव घेतलं कारण..." आणि कारणच येईना. उभी राहिले चमचा धरून.

दा माझ्याकडे बघत होते. नंतर तव्याकडे.

"उलट ते," म्हणाले. "नाहीतर जळतील."

मी उलटले. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तव्यात पडून आणखी चरचर होत होती. मी पातेल्यात सगळं घातलं, मिरपूड घातली, झाकण लावलं. कॉडल शिजत राहिलं. खूप वेळ. तुला माहितीय किती वेळ लागतो त्याला, आणि घरात दोनच माणसं असली की किती मोठा असतो तो वेळ.

मग म्हणाले, "त्या बाईला अंडंसुद्धा उकडता येत नाही, टेसी. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून शेजारी आहे. मॅमी तिला म्हणायची, तुम्ही फक्त पाणी गरम करा, बाकी आमच्याकडे या. मला काय माहीत नव्हतं कुणी शिकवलं ते? पहिला घास घेतला तेव्हाच कळलं."

मग तुम्ही तिच्यावर का ओरडलात, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती. तेच म्हणाले,

"तिचं दार जवळ होतं."

एवढंच. आणि पेपर घडी करून ठेवला, एकदम बारीक घडी.

झाकणाच्या डब्यात कॉडल भरलं. दांनी गळ्यातला मफलर काढून त्याला गुंडाळला आणि आम्ही बसने रुग्णालयात गेलो. दारातली नर्स म्हणाली, "बाहेरचं खाणं चालत नाही." दा म्हणाले, "हे बाहेरचं नाही, शेजारचं आहे." ती हसली, पण डबा उघडून बघितलाच तिने. मग म्हणाली, "दोन घास, आणि मेट्रन आली तर मी तुम्हाला पाहिलेलं नाही."

मिस वेल्डन इतक्या लहान दिसतात पलंगावर. दांना बघून म्हणाल्या, "मिस्टर टॅलन, टोपी काढून आलात! डॉक्टर माझ्यापासून काही लपवतायत का?"

"तुमचे सॉसेज आणलेत."

"माझे?"

"रस्त्यात टाकून आलात ना तुम्ही."

मग दा माझ्याकडे बघून बाजूला झाले. मी पुढे गेले. बसमध्ये सगळं जुळवलं होतं, ते सगळं गेलं. "मी तुमचं नाव खोटं घेतलं," म्हटलं. "आणि नळावर पण खोटं बोलले. दा घरी नव्हते."

"ते मला माहीत होतं बाळ, भोंगा झाला नव्हता," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "मला आजवर कोणी स्वयंपाकाचं श्रेय दिलं नव्हतं. एक दिवस बरं वाटलं."

त्यांनी एक बटाटा खाल्ला आणि अर्धा सॉसेज. मी भरवला. मी वाट बघत होते की आता म्हणतील, जाऊ दे, झालं गेलं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. "मिरपूड छान पडलीय," म्हणाल्या आणि डोळे मिटले. मला ते म्हणून घ्यायचा हक्क नाहीच, पण मी वाट बघत होते एवढं खरं.

निघताना त्यांनी उशीखालची पर्स मागितली आणि आतून दोन पाकिटं काढली. मला नाही दिली. दांना दिली. "ही चुकून माझ्याकडे आली. आपला पोस्टमन म्हातारा झालाय."

दांनी ती घेतली. वरचं अक्षर बघितलं. खिशात घातली.

बाहेर नर्सने सांगितलं की त्या आता घरी येणार नाहीत. चालता येणार नाही. त्यांच्या चर्चचा वृद्ध बायकांचा आश्रम आहे नदीच्या पलीकडे, तिथे नेणार. म्हणजे शेजारचं दार बंदच. मी ते केलं, कार्मेल. दा म्हणतात बर्फाने केलं, आणि अर्धं त्यांनी स्वतः केलं. पण मला माहितीय सुरुवात कुठून झाली.

बसमध्ये वरच्या मजल्यावर बसलो, कोणी नव्हतं. दांनी पाकिटं काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"वाच."

मी फोडलं, वाचायला लागले.

"तोंड मिटून काय वाचतेस? मला ऐकू यायला हवं."

कार्मेल, मी मोठ्याने वाचलं. दोन्ही. तू लिहिलंयस ते सगळं: सॉसेज कसे झाले कळव, डेरेकचा खोकला गेला, दांच्या छातीला हिवाळ्यात लोकर बांधायला सांग. आणि ते शेवटचं, की तू अजून गुरुवारीच कॉडल करतेस आणि सवयीने जास्तच होतं, आणि शुक्रवारी वाडगा घेऊन दारात उभी राहतेस, तर शेजारी कोणाला नेऊन द्यावं असं कोणी नाही. तिथे मी जराशी अडखळले. बाकी कुठे नाही. दा सगळा वेळ काच पुसत होते. बाहेर काही दिसतच नव्हतं, पांढरं सगळं.

घरी आल्यावर बूट काढताना म्हणाले, "उत्तर लिहिणार असशील."

"हो."

"मग लिही तिला. सॉसेज भाजायचे नसतात. पांढरेच टाकायचे. मॅमीने तिला असं शिकवलं नव्हतं, ती कुठल्या कुठे जाऊन कुणाचं काय शिकायचंय ते शिकू दे, पण या घरच्या पातेल्यात पांढरेच." एका दमात बोलले. इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून मॅमी गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, "आणि उत्तराला पत्ता कुठला देऊ?"

ते दुसरा बूट ओढत होते. वर बघितलं नाही.

"शेजारी आता आहे कोण घ्यायला?" म्हणाले.

आज शुक्रवार. वाडगा भरलाय, वर पाव ठेवलाय. दुपारच्या बसने नेणार आहे. आज दा नसतील, नर्सला मलाच विचारावं लागेल, आणि ती कालची नसली तर सगळं समजावून सांगावं लागेल. पुढच्या आठवड्यात नदीपलीकडे शोधत जावं लागेल, रस्ता विचारत. जाईन. दर शुक्रवारी जाईन. मिस वेल्डननी कधी 'झालं गेलं, जाऊ दे' म्हटलं तरी, नाही म्हटलं तरी.

तू भाजतेच आहेस तर भाज. मी दांना सांगणार नाही. नाही, सांगेन, त्यांनी विचारलं तर.

उत्तर घरी पाठव. पत्ता तुला पाठ आहे.

टेसी